गुणायचं की भागायचं, ते एककच सांगतं

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात निर्यातीची ऑर्डर येते, तेव्हा टॉवेलचं माप इंचात असतं. कापड किती जड हवं ते जीएसएममध्ये, म्हणजे दर चौरस मीटरला किती ग्रॅम, असं लिहिलेलं असतं. गिऱ्हाईक अमेरिकेतलं असेल तर डझनाचं वजन पौंडांत विचारतं. सुताचा नंबर वार आणि पौंडांवरून ठरतो, पण तेच सूत बाजारात किलोवर मिळतं. कारखान्याबाहेरही तीच गत. सळई सुतात (हे सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), वाळू ब्रासमध्ये, प्लॉट चौरस फुटांत, शेत एकर-गुंठ्यांत, त्याच शेताचा सातबारा हेक्टर-आरमध्ये आणि उजनी धरणाचं पाणी टीएमसीत. दशमान पद्धतीचा कायदा १९५६ सालचा, पण व्यवहारात जुनी-नवी मापं अजून शेजारी शेजारी नांदतात.

लागणारे आकडे बहुतेकांना पाठ असतात. एका इंचाचे २.५४ सेंटिमीटर, एका एकराचे ४० गुंठे, हे कोणीही सांगेल. माणूस अडतो तो पुढे: आता या आकड्याने गुणायचं की भागायचं? घाईत अंदाजाने एक बटण दाबलं जातं, आणि उत्तर चुकलं तरी ते आकड्यासारखंच दिसत असल्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. यावरची रीत अकरावीच्या भौतिकशास्त्रात ‘मितीय विश्लेषण’ या भारदस्त नावाने भेटते आणि परीक्षेनंतर तिथेच राहते. खरं तर ती दुकानात, शेतात आणि साइटवर जास्त उपयोगाची आहे.

रीत दोन गोष्टींवर उभी आहे. पहिली: एककाला आकड्यासारखंच वागवायचं. मीटर गुणिले मीटर म्हणजे चौरस मीटर. अंशात मीटर आणि छेदातही मीटर असेल तर दोन्ही कटतात, जसे ७ वर ७ कटतात. दुसरी: १ ने गुणलं की किंमत बदलत नाही. २.५४ सेंटिमीटर आणि १ इंच ही एकच लांबी आहे, म्हणून (२.५४ सेमी / १ इंच) या अपूर्णांकाची किंमत १ आहे. उलटा केला, (१ इंच / २.५४ सेमी), तरी १ च. आपली लांबी यातल्या कशानेही गुणली तरी ती तेवढीच राहते, फक्त तिचा पोशाख बदलतो.

९० इंच लांबीची चादर सेंटिमीटरमध्ये किती?

९० इंच × (२.५४ सेमी / १ इंच) = २२८.६ सेमी

इंच वर होता, इंच खाली आला, दोन्ही गेले, उरला सेंटिमीटर. आता मुद्दाम उलटा अपूर्णांक घेऊ:

९० इंच × (१ इंच / २.५४ सेमी) = ३५.४ इंच² / सेमी

‘चौरस इंच भागिले सेंटिमीटर’ अशी कुठली लांबी नसते. ३५.४ हा आकडा एकटा पाहिला तर त्यात खटकण्यासारखं काही नाही. चूक ओरडून सांगतं ते शेजारचं एकक. म्हणून एककं गाळून नुसते आकडे लिहिणाऱ्याला ही रीत काही मदत करू शकत नाही.

लिहायचा क्रम असा ठेवावा. डाव्या टोकाला दिलेलं माप एककासकट. उजव्या टोकाला, बरोबरच्या चिन्हापलीकडे, हवं असलेलं एकक. आकड्याची जागा मोकळी. मग मधे अपूर्णांक असे मांडत जायचं की प्रत्येकाच्या छेदात आधीचं नको असलेलं एकक येईल. सगळं कटून उजवीकडचंच एकक उरलं की मगच कॅल्क्युलेटर हातात घ्यायचा. आकडेमोड हे यातलं सर्वांत सोपं काम, ते शेवटी.

एक पूल पुरतो

लांबीच्या सगळ्या इंग्रजी मापांसाठी दशमान पद्धतीकडे जाणारा एकच पूल लक्षात ठेवला तरी चालतं: १ इंच = २.५४ सेमी. हा आकडा अंदाजे नाही, तंतोतंत आहे. १९५९ मध्ये अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका यांनी वार म्हणजे यार्ड बरोबर ०.९१४४ मीटर धरायचं ठरवलं. त्याला ३६ ने भागलं की इंच येतो. बाकीची नाती घरातलीच आहेत: १२ इंचांचा फूट, ३ फुटांचा वार, २२० वारांचा फर्लांग, ८ फर्लांगांचा मैल, म्हणजे ५,२८० फूट. मैलाचे किलोमीटर पाठ नसले तरी पुलावरून जाता येतं:

१ मैल × (५,२८० फूट / १ मैल) × (१२ इंच / १ फूट) × (२.५४ सेमी / १ इंच) × (१ मी / १०० सेमी) × (१ किमी / १,००० मी) = १.६०९३४४ किमी

पाच अपूर्णांक, पाचही १ च्या किमतीचे. मैल, फूट, इंच, सेंटिमीटर, मीटर हे सगळे जोडीजोडीने कटत गेले. सोलापूर ते पुणे रस्त्याने साधारण २५० किलोमीटर, मैलांत हवं असेल तर २५० किमी × (१ मैल / १.६०९३४४ किमी) = १५५.३ मैल.

इथे १.६ धरलं तर १५६.२५ येतं. गप्पांना पुरेसं आहे. पण १.६ धरण्यात अर्ध्या टक्क्याहून थोडी जास्त चूक आहे, आणि जमिनीच्या किंवा सुताच्या हिशेबात अर्धा टक्का म्हणजे पैसे. मधल्या प्रत्येक पायरीवर आकडा गोल करत गेलं की अशा चुका साठतात. गोल करायचा तो शेवटचा आकडा.

शाळेत किलो-हेक्टो-डेका-मीटर-डेसी-सेंटी-मिली अशी शिडी शिकवतात: एक पायरी खाली की १० ने गुणा, वर की १० ने भागा. दशमानातल्या दशमानात ती छान चालते. इंच किंवा गुंठा समोर आला की शिडी संपते. त्रैराशिक त्याहून टिकाऊ, पण एका वेळी एकच नातं सोडवतं. पाच पायऱ्यांच्या गणिताला पाच त्रैराशिकं मांडावी लागतात आणि तिसऱ्या-चौथ्यात सम की व्यस्त असा घोळ होतो. अपूर्णांकांच्या रांगेत तो प्रश्नच उद्भवत नाही.

फुटामागचा टिंब

प्लॉटच्या मोजणीत रूपांतराआधीच एक घोटाळा होतो. ३० फूट ६ इंच हे वहीत ‘३०.६’ असं लिहायची सवय सर्रास आहे. लिहिणाऱ्याला त्याचा अर्थ माहीत असतो, कॅल्क्युलेटरला नसतो. तो ३०.६ फूट म्हणजे ३० फूट ७.२ इंच समजतो. ६ इंच म्हणजे अर्धा फूट, म्हणून खरा आकडा ३०.५.

खरी गंमत १० आणि ११ इंचांना येते. २० फूट १ इंच हे ‘२०.१’ आणि २० फूट १० इंच हे ‘२०.१०’ असं लिहिलं तर कॅल्क्युलेटरच्या लेखी दोन्ही एकच आकडा, आणि प्रत्यक्षात त्यांच्यात ९ इंचांचा फरक. २० फूट ११ इंच ‘२०.११’ म्हणून टाकलं तर लांबी पावणेदहा इंचांनी कमी धरली जाते. उपाय सोपा आहे. इंचांना आधी वेगळं घ्यायचं, ११ इंच × (१ फूट / १२ इंच) = ०.९१७ फूट, आणि मग २० मध्ये मिळवायचं: २०.९१७ फूट. बेरीज फक्त सारख्या एककांची होते, फूट आणि इंच थेट मिळवता येत नाहीत. हाही याच रीतीचा नियम.

सळईचं असंच. फॅब्रिकेटर आणि सेंट्रिंगवाले इंचाचे आठ भाग करून एकेकाला सूत म्हणतात. २५.४ मिमी भागिले ८ म्हणजे एक सूत ३.१७५ मिमी. या हिशेबाने चार सुताची सळई १२.७ मिमीची आणि तीन सुताची ९.५ मिमीची व्हायला हवी. दुकानात चार सूत मागितली की मिळते १२ मिमीची आणि तीन सूत मागितली की १० ची. बोलण्यात हरकत नाही, पण वजनाचा अंदाज १२.७ धरून काढला तर १२ टक्के जास्त येतो, कारण वजन व्यासाच्या वर्गावर चालतं.

या वजनासाठी साइटवर सगळ्यांना एक सूत्र तोंडपाठ असतं: व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरला किती किलो. १२ मिमीला १४४ / १६२ = ०.८९ किलो. हा १६२ येतो कुठून, हे मात्र फारसं कोणी विचारत नाही. पोलादाची घनता ७,८५० किलो प्रति घनमीटर. सळई आडवी कापली की दिसणाऱ्या गोलाचं क्षेत्रफळ π/४ गुणिले व्यासाचा वर्ग. व्यास मिलिमीटरमध्ये आणि घनता मीटरमध्ये, म्हणून जुळवणीला (१ मी / १,००० मिमी) हा अपूर्णांक दोनदा लागतो. सगळं मांडलं की १ मिमी² साठी मीटरला ०.००६१६५ किलो येतात, आणि १ भागिले ०.००६१६५ म्हणजे १६२. म्हणजे त्या १६२ च्या पोटात मिलिमीटर, मीटर आणि किलो तिन्ही दडलेले आहेत. व्यास सुतात किंवा सेंटिमीटरमध्ये घातला तर सूत्र तक्रार न करता चुकीचं उत्तर देतं. पाठ केलेल्या प्रत्येक सूत्राबद्दल एवढं तरी माहीत असावं, की आत कोणतं एकक घालायचं आणि बाहेर कोणतं येतं.

चौरस आला की अपूर्णांक दोनदा

सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक ही. एका फुटाचे ०.३०४८ मीटर, म्हणून १,२०० चौरस फूट गुणिले ०.३०४८ बरोबर ३६६ चौरस मीटर असं कोणी मांडतो. एककं लिहून पाहू:

१,२०० फूट × फूट × (०.३०४८ मी / १ फूट) = ३६५.८ फूट × मी

एक फूट कटला, एक तसाच उरला. त्याला घालवायला तोच अपूर्णांक पुन्हा हवा:

१,२०० फूट × फूट × (०.३०४८ मी / १ फूट) × (०.३०४८ मी / १ फूट) = १११.५ चौ. मी.

३० बाय ४० चा प्लॉट म्हणजे साधारण १११ चौरस मीटर. घनफळात अपूर्णांक तीनदा लागतो. ‘वर्गाला दोनदा, घनाला तीनदा’ असं वेगळं पाठ करायची गरज नाही. कटायचं राहिलेलं एकक समोर दिसत असतं, ते जाईपर्यंत गुणत राहायचं.

आता गुंठा आणि आर. आपल्याकडची जुनी मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा: ३३ × ३३ = १,०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे ४३,५६० चौरस फूट, तो एकर. आर हे दशमान माप, १० मीटर बाय १० मीटर, म्हणजे १०० चौरस मीटर. असे १०० आर म्हणजे हेक्टर. गुंठा चौरस मीटरमध्ये काढला तर

१,०८९ फूट² × (०.३०४८ मी / १ फूट) × (०.३०४८ मी / १ फूट) = १०१.१७ चौ. मी.

आर १०० चा, गुंठा १०१.१७ चा. इतके जवळ की गावात ‘आर म्हणजेच गुंठा’ असं सांगितलं जातं, आणि दोन-चार गुंठ्यांच्या बोलण्यात ते खपतं. पण सातबाऱ्यावर १.२०.०० असं क्षेत्र आहे, म्हणजे १ हेक्टर २० आर. आर म्हणजे गुंठा धरलं तर १२० गुंठे, बरोबर तीन एकर. खरा हिशेब:

१२० आर × (१०० मी² / १ आर) × (१ गुंठा / १०१.१७ मी²) = ११८.६ गुंठे

म्हणजे २ एकर ३८.६ गुंठे. तीन एकरांना १.३९ गुंठे कमी, म्हणजेच १,५१३ चौरस फूट कमी. एक ३० बाय ५० चा प्लॉट त्या समजुतीत हवेतून तयार झाला. शहराच्या हद्दीलगतच्या जमिनीत यावरून व्यवहार अडतात. देणारा तीन एकर म्हणत असतो, मोजणीत तेवढी भरत नाही, आणि दोघांनाही समोरचा लबाड वाटतो. सातबाऱ्यावरच्या तीन खान्यांचं वाचनही नीट हवं: १.२०.५० मधले ५० हे चौरस मीटर आहेत, आरचे शंभरावे भाग नव्हेत असं कोणी म्हणेल, पण आर १०० चौरस मीटरचाच असल्यामुळे दोन्हीचा अर्थ एकच होतो. फुटा-इंचांतला टिंबाचा घोटाळा दशमानात होत नाही, तो यामुळे.

झाडंसुद्धा एकक

एकक म्हणजे फक्त मीटर-किलो असं नाही. नग, झाड, फेरी, तार, रुपया, काहीही एककाच्या जागी बसतं. सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा भागात डाळिंब लावताना अंतर मीटरमध्ये सांगितलेलं असतं आणि दोरी फुटांची असते. सोलापुरातच असलेल्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राच्या शिफारशीत ४.५ मीटर बाय ३ मीटर हे अंतर येतं. म्हणजे झाडाला १३.५ चौरस मीटर:

(१०,००० मी² / १ हेक्टर) × (१ झाड / १३.५ मी²) = हेक्टरी ७४० झाडं

एकराला हवी तर पुढे × (१ हेक्टर / २.४७१ एकर), म्हणजे जवळपास ३००. शेतात मात्र ‘पंधरा बाय दहा’ फूट आखलं जातं, कारण ४.५ मीटर म्हणजे १४.७६ फूट आणि ३ मीटर म्हणजे ९.८४ फूट, आणि असली अंतरं दोरीवर कोण मोजणार. मग ४३,५६० भागिले १५०, म्हणजे एकरी २९०. पाच एकरांना १,५०० रोपं सांगून आखणी फुटांत केली तर ४८ रोपं हातात उरतात. आखणी ज्या एककात, रोपांचा हिशेबही त्याच एककात करावा.

ठिबकच्या नळीचं गणित तर एककांनी जवळजवळ आपोआप सुटतं. क्षेत्रफळ भागिले ओळींमधलं अंतर म्हणजे फूट² / फूट, उरतो फूट, म्हणजे नळीची लांबी. ४३,५६० फूट² / १५ फूट = २,९०४ फूट = ८८५ मीटर एकरी, एका ओळीला एक नळी धरून. दोन नळ्या असतील तर दुप्पट. सूत्र पाठ नव्हतं तरी कशाला कशाने भागायचं ते उत्तराच्या एककावरून कळलं.

टॉवेल आणि सूत

आता सुरुवातीची ऑर्डर. ३० बाय ६० इंचांचा टॉवेल, ४५० जीएसएम. एका नगाचं वजन:

३० इंच × ६० इंच × (०.०२५४ मी / १ इंच) × (०.०२५४ मी / १ इंच) × (४५० ग्रॅम / १ मी²) = ५२२.६ ग्रॅम

गिऱ्हाइकाला डझनाचे पौंड हवेत:

(५२२.६ ग्रॅम / १ नग) × (१२ नग / १ डझन) × (१ पौंड / ४५३.५९ ग्रॅम) = डझनाला १३.८ पौंड

उलटा प्रश्नही याच रांगेने सुटतो. डझनाला १४ पौंड हवेत म्हटलं तर जीएसएम सुमारे ४५६ ठेवावा लागेल. इथली नेहमीची चूक म्हणजे ३० बाय ६० इंचांना सोयीसाठी ७५ बाय १५० सेंटिमीटर म्हणणं. खरं माप ७६.२ बाय १५२.४. सोयीच्या मापाने वजन ५०६ ग्रॅम येतं, नगामागे १६ ग्रॅमांनी कमी. १०,००० टॉवेलांच्या ऑर्डरला १६३ किलो सूत कमी धरलं गेलं, आणि हे कळतं ते माग चालू झाल्यावर.

सुताचा नंबर म्हणजे काउंट. कापसाच्या सुताला आपल्याकडे इंग्रजी काउंट चालतो: एका पौंडात ८४० वारांचे जितके हँक म्हणजे लड्या बसतात, तो नंबर. २० नंबरच्या एका पौंडात २० × ८४० वार सूत. नंबर मोठा तितकं सूत बारीक, कारण वजन छेदात आहे. हे उलटं का, असं नवख्याला वाटतं, ते एककातच लिहिलेलं आहे. १ नंबर दशमानात:

(८४० वार / १ पौंड) × (०.९१४४ मी / १ वार) × (१ पौंड / ०.४५३५९ किलो) = किलोला १,६९३ मीटर

म्हणून २० नंबरचं सूत किलोला ३३,८६७ मीटर. २,४०० तारांचा, ५०० मीटर लांबीचा बीम, म्हणजे मागावर ताण्याच्या तारा पुरवणारा रूळ, भरायचा असेल तर:

२,४०० तारा × (५०० मी / १ तार) × (१ किलो / ३३,८६७ मी) = ३५.४ किलो

सूत २/२० असेल तर मात्र थांबायचं. ते २० नंबरचे दोन पदर पिळलेलं सूत आहे, त्याचा खरा नंबर १०. तेव्हा किलोला १६,९३४ मीटर, आणि बीमला ७०.९ किलो. २/२० ला २० समजून खरेदी केली तर निम्मंच सूत येतं. ही चूक एकक पकडून देत नाही, कारण दोन्ही वेळा उत्तर किलोतच असतं. एककं बरोबर असणं ही उत्तर बरोबर असण्याची पहिली अट आहे, शेवटची नव्हे.

टेरी टॉवेलात आणखी एक बारीक जागा आहे. पाइलच्या, म्हणजे टॉवेलवरच्या फाशांच्या, तारा फासे काढत जातात, त्यामुळे कापडाच्या एका मीटरला त्यांची लांबी कितीतरी जास्त लागते. समजा ४ मीटर लागते. (४ मी / १ मी) असं लिहिलं तर मीटर कटतो, नुसता ४ उरतो, आणि हा ४ कशाला गुणायचा तेच विसरायला होतं. इथे एककाला आडनाव द्यावं: (४ मी पाइल-तार / १ मी कापड). कापडाचे मीटर फक्त कापडाच्या मीटरशी कटतील. जमिनीच्या, म्हणजे फाशांखालच्या मूळ कापडाच्या, ताण्याच्या बीमलाही थोडी जास्तीची लांबी लागते, कारण विणताना तार वर-खाली होऊन आखूड पडते. ते प्रमाणही असंच आडनावासकट मांडावं. कचरा आणि गाठी मारण्यात जाणारं सूत वेगळं धरावं, ते कुठल्याच सूत्रात येत नाही.

वेग, पाणी आणि दोन सावधगिऱ्या

भरतीच्या परीक्षांना बसणाऱ्यांना ५/१८ पाठ असतं, आणि ऐन वेळी ५/१८ की १८/५ हा प्रश्न पडतो. (१,००० मी / १ किमी) × (१ तास / ३,६०० सेकंद) = ५/१८, एवढंच त्याचं गुपित. ताशी ७२ किमी म्हणजे सेकंदाला २० मीटर. तास छेदात होता, म्हणून त्याला कटायला तास अंशात आला.

पावसाळ्यात उजनीचे आकडे टीएमसी, दलघमी आणि क्युसेक अशा तीन भाषांत येतात. टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट. (०.३०४८ मी / १ फूट) हा अपूर्णांक तीनदा लावला की १ टीएमसी = २८.३२ दलघमी, म्हणजे दशलक्ष घनमीटर. उजनीची सुमारे ११७ टीएमसी एकूण साठवण म्हणजे ३,३१३ दलघमी. क्युसेक हे सेकंदाला एक घनफूट. १०,००० क्युसेकने दिवसभर पाणी आलं तर:

(१०,००० फूट³ / १ सेकंद) × (८६,४०० सेकंद / १ दिवस) × (१ टीएमसी / १०० कोटी फूट³) = दिवसाला ०.८६ टीएमसी

‘क्युसेक’ हा पाण्याचा साठा नाही, वेग आहे. किती वेळ ते सांगितल्याशिवाय त्याचे टीएमसी होत नाहीत. सेकंद कटायला काही मिळालं नाही की हे लगेच दिसतं.

सावधगिरी एक: एकाच नावाची दोन मापं. वाळू-खडीचा ब्रास १०० घनफुटांचा, म्हणजे २.८३ घनमीटर. बांधकामाचं, फरशीचं क्षेत्रफळ सांगतानाचा ब्रास १०० चौरस फुटांचा. अंदाजपत्रकात नुसतं ‘५ ब्रास’ लिहिलं असेल तर पुढे घन की चौरस ते विचारून लिहून घ्यावं. दोन्हींमध्ये रूपांतर होत नाही, मधे जाडी लागते: १ चौरस ब्रासवर ४ इंच थर म्हणजे १०० फूट² × ४ इंच × (१ फूट / १२ इंच) = ३३.३ घनफूट, म्हणजे ब्रासचा तिसरा हिस्सा.

दुसरी: ही रीत तिथेच चालते जिथे दोन्ही मापांचं शून्य एकच असतं. शून्य फूट म्हणजे शून्य मीटर, शून्य पौंड म्हणजे शून्य किलो. तापमानाचं तसं नाही. शून्य सेल्सिअस म्हणजे ३२ फॅरनहाइट. त्यामुळे मे महिन्यातले सोलापूरचे ४३ अंश सेल्सिअस नुसते ९/५ ने गुणले तर ७७.४ येतात, हिवाळी दुपारसारखे. त्यात ३२ मिळवावे लागतात, मग १०९.४. पण ‘कालच्यापेक्षा पारा २ अंशांनी चढला’ असं असेल तर तो फरक आहे, फरकात शून्याचा प्रश्न येत नाही, आणि तिथे अपूर्णांक एकटा पुरतो: २ × ९/५ = ३.६ अंश फॅरनहाइट.